औरंगजेबाचा गुडघा : वार्धक्य इतिहासात कसे उतरते?

१/ मार्च २०२५ मध्ये औरंगजेबाच्या कबरीच्या वादातून नागपुरात हिंसाचार उसळला. ज्या पोलीस ठाण्यांच्या हद्दीत संचारबंदी लागली, त्यांत नंदनवनही होते. कबरीविषयी पुष्कळ बोलले गेले. तीत विसावलेल्या देहाविषयी मात्र फारसे कोणी बोलत नाही. हा धागा त्या देहाच्या अखेरच्या सात वर्षांचा आहे.

२/ १ ऑक्टोबर १७००. सातारा आणि परळी घेऊन मोगल छावणी माण नदीकाठी खवासपूरला उतरली होती. मध्यरात्री डोंगरातून पुराचा लोंढा आला आणि छावणीत आकांत माजला. मराठे घुसले, असे समजून बादशहा घाईने उठला, अडखळला, आणि त्याचा उजवा गुडघा निखळला. वैद्यांना तो नीट बसवता आला नाही. बादशहा कायमचा लंगडा झाला. त्या वेळी त्याचे वय ८१ वर्षे होते.

३/ दरबाऱ्यांनी सांत्वन केले : हा तर पूर्वज तैमूरलंगाचा वारसा! पुढे जून १९४१ मध्ये मिखाईल गेरासिमोव यांच्या पथकाने समरकंदला तैमूरची कबर उघडली. त्याच्या उजव्या गुडघ्याची वाटी मांडीच्या हाडाशी जुळून गेलेली आढळली. खुशामतीतला उजवा पाय असा योगायोगाने खरा निघाला! फरक इतकाच की तैमूरला दुखापत तारुण्यात झाली होती, औरंगजेबाला वार्धक्यात.

४/ हा फरक मोठा आहे. हाड ही जिवंत वस्तू आहे. जुने हाड झिजवणाऱ्या आणि नवे घडवणाऱ्या पेशी जन्मभर काम करतात. साधारण तिशीपर्यंत घडण वरचढ असते. पुढे झीज हळूहळू पुढे जाते आणि हाडाची आतली जाळी विरळ होते. सांध्यातल्या कूर्चेला तर स्वतःच्या रक्तवाहिन्याच नसतात, म्हणून ती एकदा झिजली की फारशी भरून येत नाही. भोवतालचे स्नायू क्षीण झाले की सांध्याचा आधारही जातो.

५/ तरीही मोहीम थांबली नाही. विशाळगड १७०२, सिंहगड १७०३, राजगड व तोरणा १७०४, वाकिनखेडा १७०५. ज्याने घोड्यावरून साम्राज्य जिंकले, तो आता उचलून न्यावा लागत होता. त्याच सुमारास देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद नागपूर वसवत होता आणि बादशहा दक्षिणेत गुंतलेला पाहून मोगली मुलखावर चालून जात होता.

६/ वाकिनखेड्यानंतर देवापूरच्या मुक्कामी बादशहा गंभीर आजारी पडला. खाफीखान लिहितो की त्याला अंगदुखी असह्य झाली. तरी लोकांना धीर यावा म्हणून तो दरबारात येऊन बसे. पुढे त्याला मूर्च्छा येऊ लागल्या.

७/ या मूर्च्छांचे निदान तीन शतकांनंतर करणे धाडसाचे ठरेल. परंतु वयाने काय होते, हे आपल्याला ठाऊक आहे. धमन्यांतले लवचीक तंतू तुटतात, त्यांची जागा ताठर तंतू घेतात. ताठ नळीत रक्त ढकलताना हृदयाच्या डाव्या कप्प्याची भिंत जाड होते. उठून उभे राहताच रक्तदाब सावरणारी यंत्रणा मंदावते आणि डोळ्यांपुढे अंधारी येते.

८/ हे आधुनिक जीवनाचे रोग आहेत, असे म्हणू नका. २०१३ मध्ये चार भूप्रदेशांतल्या १३७ प्राचीन ममींची तपासणी प्रसिद्ध झाली. त्यांपैकी ४७ ममींच्या धमन्यांत काठिण्याच्या खुणा होत्या, आणि वय वाढेल तसे त्यांचे प्रमाण वाढत होते.

९/ औरंगजेबाच्या हकिमांना हे कळू शकले असते का? विल्यम हार्वे यांचा रक्ताभिसरणावरील ग्रंथ १६२८ चा, तेव्हा औरंगजेब दहाही वर्षांचा नव्हता. १६६० च्या दशकात फ्रेंच वैद्य बर्निये दिल्लीत दानिशमंदखान या उमरावाला हार्वे यांचे शोध समजावून सांगत होता. म्हणजे ज्ञान दरबाराच्या उंबरठ्यापर्यंत आले होते. परंतु पट्टा बांधून रक्तदाब मोजण्याचे रिवा-रोच्ची यांचे साधन थेट १८९६ चे. हकिमांकडे बोटाखालची नाडी, एवढेच साधन!

१०/ मग साम्राज्य गुडघ्यामुळे ढासळले का? तसे म्हणणे भाबडेपणाचे होईल. रिकामा खजिना, थकलेली फौज आणि मराठ्यांचा चिवट प्रतिकार ही कारणे मोठीच होती. पण जिथे सत्ता एका देहात साठलेली असते आणि निवृत्तीची सोय नसते, तिथे त्या देहाची झीज राज्याला सोसावी लागते. जानेवारी १७०६ मध्ये बादशहा अहमदनगरला परतला. ३ मार्च १७०७ रोजी वयाच्या ८८ व्या वर्षी तो तिथेच वारला. खुलदाबादला त्याचे दफन झाले आणि पुत्रांत वारसायुद्ध पेटले.

११/ आता दुसरी बाजू. मार्च १७०० मध्ये राजाराम महाराज निवर्तले. त्यानंतर या ८१ वर्षांच्या बादशहाशी झुंज देणाऱ्या महाराणी ताराबाई अवघ्या पंचविशीच्या होत्या. त्याही दीर्घायुषी ठरल्या. नोव्हेंबर १७५० मध्ये, पंचाहत्तरीत, त्यांनी साताऱ्यात रामराजांना कैद केले आणि पेशव्यांना आपल्याशी तडजोड करायला लावली. डिसेंबर १७६१ मध्ये, वयाच्या ८६ व्या वर्षी त्यांचा मृत्यू झाला.

१२/ वार्धक्य बादशहा पाहत नाही, महाराणी पाहत नाही. हाडे सर्वांचीच विरळ होतात, धमन्या सर्वांच्याच ताठरतात. त्या देहाने माणूस शेवटपर्यंत काय करतो, हे मात्र हाडांवरून सांगता येत नाही. त्यासाठी कागदपत्रेच वाचावी लागतात.