दातृत्वाचा घरखर्च : राजनांदगाव ते सातारा

रायपूरहून नागपूरकडे जाणाऱ्या लोहमार्गावर सुमारे ७० किलोमीटर अंतरावर राजनांदगाव लागते. मराठी वाङ्मयेतिहासात हे गाव येते ते रेव्ह. नारायण वामन टिळक (१८६१-१९१९) यांच्या चरित्राच्या निमित्ताने. १८९३ साली नोकरीसाठी या संस्थानाकडे निघालेल्या टिळकांना गाडीत एका युरोपीय सहप्रवाशाने 'नवा करार' भेट दिला. पुढे १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. या घटनेची चर्चा बहुधा धर्मचिंतनाच्या व काव्याच्या अंगाने होते. प्रस्तुत लेखात तिचा विचार पैशाच्या अंगाने करावयाचा आहे.

टिळकांच्या मनाची पकड घेतली ती मत्तयकृत शुभवर्तमानातील डोंगरावरील प्रवचनाने. त्याच्या तीन अध्यायांपैकी मधला अध्याय दानधर्म, धनसंचय आणि उद्याची चिंता यांविषयी आहे. दान गाजावाजा न करता करावे, ऐहिक संचयावर मन ठेवू नये, असा त्याचा आशय. ज्या संस्थानाचे राजे मूळचे बैरागी महंत होते, तेथे टिळकांच्या मनात हा उपदेश घोळत होता, हा योगायोग लक्षणीय होय. वैराग्य आणि संपत्ती यांचे सहवास्तव्य त्या परिसराला नवे नव्हते.

छत्तीसगढमधील ख्रिस्ती औदार्याला तोवर संस्थात्मक रूप आलेले होते. ऑस्कर लोर हे मिशनरी १८६८ मध्ये रायपुरास आले व त्यांनी बिश्रामपूर हे ठाणे वसविले. तेथे मिशन स्वतःच जमीनमालक होते. देणारी संस्था आणि घेणारी माणसे यांच्यात साहजिकच धनी-आश्रित असे नाते निर्माण झाले. अशा व्यवस्थेत धर्मांतरितावर पोटासाठी धर्म सोडल्याचा आरोप सहज होई. टिळकांच्या व्यक्तिगत दातृत्वाचे महत्त्व या पार्श्वभूमीवर ध्यानात घेतले पाहिजे. येथे देणारा स्वतःच मिशनचा वेतनदार होता.

तथापि टिळकांची उदारता ही केवळ धर्मांतराची फलश्रुती मानता येणार नाही. १९३४ पासून भागशः प्रसिद्ध झालेल्या लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'वरून दिसते की, पैसा हाती न टिकण्याचा त्यांचा स्वभाव पूर्वीपासूनचा होता. धर्मांतराने या स्वभावाला तत्त्वाचे अधिष्ठान दिले, इतकेच. मात्र तत्त्व लाभले म्हणून तेल-मिठाची अडचण दूर झाली नाही. दानाचे पुण्य टिळकांच्या नावे जमा होई आणि महिना निभावण्याचे काम लक्ष्मीबाईंकडे येई.

येथे मूळ प्रश्न उपस्थित होतो. आपले म्हणून जे आपण देतो, ते खरोखर एकट्याचे असते काय? वेतन टिळकांचे असले तरी त्यावर चालणारा संसार दोघांचा होता. प्रवचनातील दान गुप्त असते ते जगापासून. घरातल्या माणसापासून ते लपविता येत नाही, कारण त्याची झळ प्रथम तिलाच लागते. १९०० मध्ये लक्ष्मीबाईंनी स्वतः बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर अहमदनगरच्या (आजच्या अहिल्यानगरच्या) त्यांच्या घरात निराश्रित मुलांना आसरा मिळाला, तरुण कवी बालकवी ठोंबरे वास्तव्यास राहिले. हे दातृत्व पैशाचे नव्हे, तर जागेचे, अन्नाचे आणि श्रमाचे होते, आणि ते मुख्यतः लक्ष्मीबाईंच्या हातून घडले.

१९१७ मध्ये टिळकांनी अमेरिकन मराठी मिशनची सवेतन सेवा सोडली, संन्यस्त वृत्ती स्वीकारून ते साताऱ्यास गेले व 'देवाचा दरबार' स्थापन केला. वेतनच नाकारल्याने पोटार्थीपणाच्या आरोपाला परस्पर उत्तर मिळाले, असे म्हणता येईल. परंतु हा संन्यासी गृहस्थही होता. त्याच्या त्यागात पत्नीचा वाटा अनिवार्य होता.

टिळकांनी हिशेब ठेवला नाही. दातृत्वाच्या दृष्टीने तो गुणच मानावा लागेल. लक्ष्मीबाईंनी तो ठेवला, पण तक्रार म्हणून नव्हे, तर हसत, प्रेमाने आणि काहीही न झाकता. म्हणूनच ख्रिस्ती दानधर्माच्या इतिहासकाराने मिशनच्या अहवालांइतकेच या गृहिणीच्या आठवणींकडे वळले पाहिजे. अहवालातून किती दिले ते कळते. ते कोणाच्या वाट्यातून गेले, हे 'स्मृतिचित्रे' सांगतात.