चार भिंतींतले शिल्प

शिल्प म्हटले की आपल्याला चौकातला अश्वारूढ पुतळा आठवतो. 1980 साली ठाण्यात जन्मलेल्या प्राजक्ता पोतनीस यांनी मात्र आपला विषय शोधला तो घरात. त्यांच्या कामात भिंत कातडीसारखी फुगते, सोलवटते. फ्रिजचा बर्फाळ कप्पा छायाचित्रात ओसाड मुलुख होतो.

त्यांच्या 2014 सालच्या बर्लिनमधील कामाचे नाव 'किचन डिबेट'. हे नाव इतिहासातले. 24 जुलै 1959 रोजी मॉस्कोतल्या अमेरिकी प्रदर्शनात, नमुन्याच्या स्वयंपाकघरापुढे, निक्सन आणि ख्रुश्चेव्ह यांची जुंपली. गृहिणीचे कष्ट कोणाची राज्यव्यवस्था हलके करणार, असा एक मुद्दा. भांडले दोन पुरुष. गृहिणीची साक्ष कोणी काढली नाही!

मंडळी, हा वाद माजिवड्यापासून दूरचा नव्हे. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या लढ्यामुळे 1890 साली गिरणी कामगाराला रविवारची सुटी मिळाली. त्या दिवशी चूल मात्र अधिकच पेटली. ठाण्यातली रेमंडची गिरणी 2009 साली बंद झाली. पुरुषाचा भोंगा थांबतो तेव्हा घरात शिवणयंत्र सुरू होते, पापडाचे पोळपाट मांडले जाते. त्या कामाला हजेरीपट नाही, पाळी नाही. कंबर आणि मनगटे मात्र झिजतात. आम्हा युनियनवाल्यांच्या मागणीपत्रात ती कंबर कोणत्या कलमाखाली घालायची?