साठ वर्षं उशिरा लागलेला ब्रेक

१९५८ मध्ये इंग्लंडच्या रोड रिसर्च लॅबोरेटरीने एका मोटरसायकलवर ब्रेकच्या चाचण्या घेतल्या. गाडी होती रॉयल एनफील्डची सुपर मीटिऑर, जवळजवळ सातशे सीसीची. तिला डनलॉप कंपनीचं ‘मॅक्सारेट’ नावाचं यंत्र जोडलं होतं. मुळात ते विमानांसाठी बनवलेलं. धावपट्टीवर चाक जाम झालं तर टायर घासून फुटतो, ते टाळायला. मोटरसायकलवरचा निकाल स्पष्ट होता: चाक जाम करून थांबण्यापेक्षा बहुतेक चाचण्यांत गाडी कमी अंतरात थांबली. निसरड्या रस्त्यावर हा फरक ३० टक्क्यांपर्यंत गेला.

एनफील्डचे तांत्रिक संचालक टोनी विल्सन-जोन्स यांना मात्र त्यात फारसं भवितव्य दिसलं नाही. कंपनीने ते उत्पादनात आणलंच नाही.

मॅक्सारेट कसं चालायचं ते वाचलं तेव्हा मी खूश झालो. कोड नाही, सेन्सर नाही. चाकाबरोबर फिरणाऱ्या डब्यात एक छोटं, वजनदार फ्लायव्हील. चाक एकदम मंदावलं तरी फ्लायव्हील आपल्या ओघात फिरत राहतं. दोघांच्या वेगातला हा फरक एक झडप उघडतो आणि ब्रेकवरचा दाब कमी होतो. चाक पुन्हा फिरू लागलं की झडप बंद, दाब परत. आजचं एबीएस हेच काम सेन्सर आणि सॉफ्टवेअर वापरून सेकंदात अनेकदा करतं.

विल्सन-जोन्स यांना मूर्ख ठरवणं सोपं आहे, पण मला ते पटत नाही. विमानासाठी बनवलेलं यंत्र मोटरसायकलवर महाग आणि जड पडणार, हे कोणालाही दिसत होतं. १९८८ मध्ये बीएमडब्ल्यूने के-१०० वर इलेक्ट्रॉनिक एबीएस आणलं, तेव्हाही त्याचं वजन सुमारे ११ किलो होतं! शिवाय तेव्हाचा (आणि आजचाही) चालवणारा म्हणायचा, ब्रेक मारणं हे माझं कसब आहे, ते यंत्राने का करावं?

हा कसबाचा युक्तिवाद मला ओळखीचा वाटतो. आमच्या क्षेत्रातही ‘प्रोग्रॅमर चांगला असेल तर टेस्ट कशाला’ म्हणणारे भेटतात. कोरड्या रस्त्यावर, आधीच ठाऊक असलेल्या जागी, तरबेज माणूस एबीएसशिवायही उत्तम थांबतो. पण ताम्हिणीत पहिल्या पावसात वळणावर म्हैस उभी असते, ती आधी कळवून येत नाही. कारची चाकं जाम झाली तर ती घसरत जाते, निदान चार चाकांवर उभी तरी राहते. दुचाकीचं पुढचं चाक जाम झालं की तोल गेलाच. सावरायला वेळ मिळत नाही.

म्हणूनच आपल्याकडे गाडी शिकवताना पहिला धडा असतो, ‘पुढचा ब्रेक मारू नकोस, तोंडावर आपटशील.’ भीती खरी, सल्ला वाईट. ब्रेक लागताच गाडीचा भार पुढच्या चाकावर येतो. थांबवायची खरी ताकद तिथेच असते. आपण पिढ्यान्‌पिढ्या लोकांना गाडीचा चांगला ब्रेक वापरू नका असं शिकवत आलोय. एबीएसचा मोठा फायदा मला इथे दिसतो: पुढचा ब्रेक बिनधास्त दाबता येतो.

अमेरिकेतल्या इन्शुरन्स इन्स्टिट्यूट फॉर हायवे सेफ्टीने एकाच मॉडेलच्या एबीएस असलेल्या आणि नसलेल्या गाड्यांची तुलना केली. एबीएसवाल्या गाड्यांत जीवघेण्या अपघातांचं प्रमाण २२ टक्क्यांनी कमी निघालं. यात एक मेख आहे. जास्तीचे पैसे देऊन एबीएस घेणारा माणूस मुळातच सावध असू शकतो. आणि सुट्ट्या खडीवर एबीएस उलट जास्त अंतर घेऊ शकतं. तिथे जाम झालेलं चाक आपल्यासमोर खडीचा ढीग करून थांबतं.

आता आपल्याकडचं. मद्रासमध्ये १९५५ पासूनच बुलेटची जोडणी सुरू झाली होती. पुढे इंग्लंडमधली मूळ कंपनी बंद पडली, मद्रासची टिकली. ऑगस्ट २०१८ मध्ये तिची क्लासिक सिग्नल्स ३५० दोन्ही चाकांना एबीएस घेऊन आली, त्या चाचण्यांनंतर बरोबर साठ वर्षांनी. तेही सरकारचा नियम आला म्हणून. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या दुचाकींना एबीएस सक्तीचं झालं. १२५ आणि त्याखालच्यांना फक्त सीबीएस, म्हणजे एक ब्रेक दाबला की दुसराही थोडा लागतो. चाक जाम होणं ते थांबवत नाही.

देशात विकल्या जाणाऱ्या बहुतांश दुचाकी या रेषेच्या खालच्या. दूधवाला, डिलिव्हरीवाला, कॉलेजची पोरं, सगळे तिथेच. जून २०२५ च्या मसुद्यात केंद्राने ही रेष पुसायचं सुचवलं, आणि चर्चा सुरू झाली ती किमती किती वाढतील याची. म्हणजे १९५८ चाच हिशोब. फक्त तेव्हा यंत्र खरंच जड होतं, आता ते मुठीत मावेल एवढं झालंय.

माझा धाकटा भाऊ सांगलीत पहिली गाडी घेतोय. त्याचं बजेट नेमकं १२५ च्या खाली थांबतं. मी १६० सीसीची, एबीएसवाली सुचवली, वरचे पैसे मी देतो म्हटलं.

‘दादा, पण मायलेज?’

रोज चाळीस किलोमीटर करणाऱ्याचा हा प्रश्न चुकीचा नाही. पेट्रोलचा खर्च त्याला दर आठवड्याला दिसणार, एबीएसचा उपयोग कदाचित दहा वर्षांत एकदा. शनिवारी दोन्ही गाड्या चालवून बघणार आहोत. शोरूमवाल्याला सांगून ठेवलंय, मागच्या गल्लीतला ओला उतार हवा.