रिकॉइल पॅड

शिकारी रायफलीच्या दस्त्याच्या टोकाला बसवलेली, गोळी सुटताना खांद्याला बसणारा धक्का सौम्य करणारी लवचिक गादी. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लंडनच्या सिल्व्हर कंपनीची तांबूस रबरी गादी ब्रिटिश बंदुकांवर रूढ झाली. गादीमुळे रायफलीचा संवेग घटत नाही. तो शोषला जाण्याचा काळ लांबतो व भार अधिक क्षेत्रफळावर पसरतो, म्हणून कमाल बल कमी होते (पाहा : गतिनियम). .३७५ होलंड अँड होलंडसारख्या (१९१२) जोरकस काडतुसाला सु. २५ मिमी. जाडीची गादी सोयीची. मात्र अतिमऊ गादी पूर्ण दबली की जवळजवळ निरुपयोगीच. बसवणीत खरी कसोटी लांबीची. चापापासून दस्त्याच्या टोकापर्यंतचे अंतर (सहसा सु. ३४-३५ सेंमी.) नेमबाजाला जुळते असल्यास ते कायम राखण्यासाठी, टोकाची जुनी पट्टी काढून, गादी व पट्टी यांच्या जाडीतील फरकाइतका दस्ता कापतात. काप तिरका गेल्यास खांद्यावरील टेकण व नळीचा रोख बदलतो. स्क्रूने जखडलेल्या गादीच्या कडा घासून दस्त्याशी मिळवतात. उघड्या लाकडाला तेल किंवा व्हार्निश देतात. न कापता वरून चढवायच्या गादीने दस्ता लांबतो आणि दुर्बिणीपासून डोळ्याचे अंतरही बदलते (पाहा : दुर्बीण, रायफल).