नेतृत्वाचा कलह : गदर चळवळीची दुसरी बाजू

पुणें जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यांत तळेगांव ढमढेरे नांवाचें गांव आहे. या गांवीं २ जानेवारी १८८८ रोजीं विष्णु गणेश पिंगळे यांचा जन्म झाला, आणि १६ नोव्हेंबर १९१५ रोजीं, वयाच्या २८ व्या वर्षीं, लाहोरच्या मध्यवर्ती तुरुंगांत ते फांसावर चढले. ज्या चळवळीसाठीं त्यांनीं प्राण दिले, तिचा पसारा सॅन फ्रॅन्सिस्को आणि बर्लिन या दूरच्या नगरांपर्यंत पोंचलेला होता. तिच्यांतील शौर्याची कथा पुष्कळांस ठाऊक आहे. परंतु तिच्या पुढारीपणासाठीं तिच्याच अनुयायांत जो कलह माजला त्याची कथा फारशी सांगितली जात नाहीं. ती ऐकल्यावांचून मात्र पहिल्या कथेचें मोल नीट उमगत नाहीं.

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर लांकडाच्या गिरण्यांत आणि शेतमळ्यांत राबणारे हजारों हिंदी मजूर होते. त्यांत बहुसंख्य पंजाबी शीख. १९१३ सालीं या मजुरांनीं आणि कांहीं सुशिक्षितांनीं मिळून एक संस्था उभारली. सोहनसिंग भकना अध्यक्ष आणि लाला हरदयाळ चिटणीस झाले. त्याच वर्षीं १ नोव्हेंबरला सॅन फ्रॅन्सिस्को येथून ‘गदर’ हें पत्र निघालें, आणि पुढें त्याच नांवानें संस्था ओळखली जाऊं लागली. या उद्योगांत महाराष्ट्रीयहि होते. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे त्यांपैकीं एक, आणि वॉशिंग्टन विद्यापीठांत यंत्रशास्त्र शिकण्यास गेलेले पिंगळे दुसरे.

१९१४ च्या मार्चमध्यें अमेरिकन सरकारनें हरदयाळांस पकडलें. जामिनावर सुटतांच ते स्वित्झर्लंडला गेले. ऑगस्टमध्यें युरोपांत महायुद्ध पेटलें आणि गदरची मंडळी जहाजामागून जहाज भरून स्वदेशीं निघाली. भकना हिंदुस्थानच्या भूमीवर पाऊल ठेवतांच अटकेंत पडले. जे लढावयास निघाले ते निघून गेले. पत्र, छापखाना आणि वर्गणीची पेटी मागें राहिलेल्या रामचंद्र यांच्या हातीं आली. पुढील कलहाचें बीज येथेंच पडलें.

पिंगळे १९१४ च्या अखेरीस कर्तारसिंग सराभा यांच्याबरोबर कलकत्त्यास उतरले. या वेळीं सशस्त्र क्रांतीचे दोन निरनिराळे संघ समोरासमोर होते. पंजाबांत परतलेल्या गदरवाल्यांपाशीं माणसें होतीं, पण अनुभवी सूत्रधार नव्हता. बंगालच्या गुप्तमंडळापाशीं बाँबची विद्या आणि रासबिहारी बोसांसारखा सूत्रधार होता, पण मनुष्यबळ थोडें. दोघांची भाषा वेगळी, परंपरा वेगळी. श्रेष्ठत्वाचा वाद उपस्थित होण्यास याहून अनुकूल परिस्थिति ती कोणती? तथापि वाद झाला नाहीं. पिंगळे काशीस जाऊन रासबिहारींस भेटले, तेथून पंजाबांत गेले, आणि दोन्ही पक्षांचा सांधा त्यांनीं जुळविला. पंजाबी शिपायांच्या आणि शेतकऱ्यांच्या त्या उठावाचें पुढारीपण एका बंगाली माणसाकडे आलें, आणि तें सर्वांनीं मान्य केलें. मध्यस्थी करणारा हा मराठी तरुण स्वतः पुढारी म्हणून कोठेंहि मिरवला नाहीं.

उठावाचा दिवस प्रथम २१ फेब्रुवारी १९१५ ठरला. फितुरीचा संशय येतांच तो १९ तारखेवर आणला गेला. पण कृपालसिंग या खबऱ्यानें तीहि बातमी पोलिसांस पोंचविली आणि बेत फसला. रासबिहारी पुढें जपानला निसटले. पिंगळे मात्र पुन्हा सैन्यांतच प्रयत्न करण्यासाठीं मीरतेस गेले, आणि २३ मार्च रोजीं तेथील १२ व्या घोडदळाच्या छावणींत बाँबसह पकडले गेले. लाहोरच्या खटल्यांत २४ जणांस फांशीची शिक्षा झाली; १७ जणांची ती पुढें जन्मठेपेवर आली. उरलेल्या ७ जणांत पिंगळे आणि सराभा होते.

इकडे हें घडत असतां समुद्रापलीकडे निराळेंच चित्र दिसूं लागलें. वीरेंद्रनाथ चट्टोपाध्याय प्रभृतींनीं बर्लिन येथें समिति स्थापिली होती आणि जर्मन सरकार तिला द्रव्य पुरवीत होतें. तें द्रव्य अमेरिकेंत कोणाच्या हातून खर्च व्हावें? प्रथम हेरंबलाल गुप्त, नंतर १९१६ सालीं चंद्रकांत चक्रवर्ती, असे बर्लिनचे प्रतिनिधि नेमले गेले. गदर संस्थेंतहि फळ्या पडल्या. रामचंद्र पैशाचा अपहार करतात असा आरोप झाला. १९१७ च्या आरंभीं भगवानसिंगांच्या पक्षानें त्यांस पुढारीपणावरून दूर केल्याचें जाहीर केलें. रामचंद्रांनीं तें मानलें नाहीं, आणि एका संस्थेच्या दोन झाल्या.

त्याच वर्षीं अमेरिका युद्धांत उतरली आणि दोन्ही पक्षांस एकाच खटल्यांत आरोपी व्हावें लागलें. आरोपीच्या पिंजऱ्यांतहि समेट घडला नाहीं. एप्रिल १९१८ मध्यें, खटला संपत आला असतां, सॅन फ्रॅन्सिस्कोच्या भर न्यायालयांत रामसिंग या सहआरोपीनें रामचंद्रांस गोळी घालून ठार केलें. आणि न्यायालयाच्या अधिकाऱ्यानें रामसिंगास तेथेंच गोळी घातली. देशासाठीं मरण्याची शपथ घेतलेले दोन जण एकमेकांच्या वैरांत संपले.

युद्धानंतर आश्रयदाता बदलला, कलह बदलला नाहीं. १९२१ सालीं चट्टोपाध्यायांची मंडळी मॉस्कोस गेली. त्यांत खानखोजेहि होते. परंतु तेथें मानवेंद्रनाथ रॉय यांचें आसन आधींच स्थिर झालें होतें. हिंदी क्रांतीचा खरा प्रतिनिधि कोण, हा प्रश्न आतां परक्या राजधानींतील समितीपुढें चालला, आणि चट्टोपाध्यायांच्या मंडळींस रिक्त हस्तें परतावें लागलें. खानखोजे १९२४ सालीं मेक्सिकोस गेले आणि मक्याच्या वाणांचे संशोधक म्हणून त्यांनीं तेथें कीर्ति मिळविली.

या सर्व भांडणांस केवळ वैयक्तिक महत्त्वाकांक्षा म्हणणें अन्यायाचें होईल. तत्त्वाचे मतभेदहि त्यांत होते. परंतु एक गोष्ट लक्षांत घेण्याजोगी आहे. पंजाबांत पुढारी कोण हें समोरच्या कामावरून ठरलें, म्हणून तेथें निवाड्याची गरज पडली नाहीं. परदेशांत पुढारी कोण हें थैली देणाराच्या मान्यतेवर ठरूं लागलें, म्हणून तेथें निवाडा कधींच संपला नाहीं. तळेगांव ढमढेऱ्याच्या त्या तरुणानें मान्यता कोणापाशींच मागितली नव्हती. त्यानें मागितलें तें काम, आणि तें शेवटपर्यंत सोडलें नाहीं.