समुद्रातले मासे मोजायचे कसे?

१८८३ साली लंडनमध्ये मत्स्यव्यवसायाचे एक मोठे आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरले होते. तेथे डार्विनचे खंदे समर्थक टी. एच. हक्सले यांनी सांगितले, की कॉडसारख्या माशांची मासेमारी अक्षय आहे. माणूस जे पकडतो त्याने त्यांच्या संख्येत म्हणण्यासारखा फरक पडत नाही. बंदरांवर उतरणारा माल पाहणाऱ्याला हे सहज पटण्यासारखे होते.

विल्यम गारस्टँग या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञाने १९०० साली वेगळा प्रश्न विचारला. पकड वाढली हे खरे, पण ती मिळवायला किती जहाजे लागली? शिडाच्या जहाजांची जागा तेव्हा वाफेचे ट्रॉलर घेत होते. गारस्टँगने या ट्रॉलरांचे रूपांतर 'इतक्या शिडाच्या जहाजांच्या बरोबरीचे' अशा एककात केले. १८८९ ते १८९८ या काळात एकूण पकड वाढली असली, तरी दर एककामागची पकड जवळजवळ निम्म्यावर आली होती! पहिल्या महायुद्धात उत्तर समुद्रातली मासेमारी थंडावली आणि युद्धानंतर जाळी पुन्हा भरून येऊ लागली. दर प्रयत्नामागची पकड हा निर्देशक पुढे सगळीकडे रुळला.

मात्र या निर्देशकात एक खोट आहे, आणि कॅनडातील न्यूफाउंडलंडने तिची किंमत मोजली.

तेथील कॉडची पकड १९६८ मध्ये ८ लाख टनांवर गेली आणि पुढच्या दहा वर्षांत घसरत दीड लाखाच्या आत आली. १९७७ साली कॅनडाने २०० सागरी मैलांचा टापू आपल्या ताब्यात घेतला. परदेशी जहाजे बहुतांशी गेली, आता साठा भरून येईल असे सर्वांना वाटले. शास्त्रज्ञांकडे दोन मापे होती: व्यापारी ट्रॉलरांची दर तासाची पकड, आणि संशोधन-जहाजाने यादृच्छिक ठिकाणी जाळे टाकून केलेली पाहणी. पहिले माप भराभर वाढ दाखवीत होते. दुसरे तेवढी दाखवीत नव्हते, शिवाय दरवर्षी वरखाली व्हायचे. १९८६ ची पाहणी तर अवाजवी चांगली आली.

ट्रॉलरचा कप्तान यादृच्छिक ठिकाणी जाळे टाकत नाही. तो सोनारवर थवा शोधतो. कॉड कमी झाले तरी उरलेले एकत्र गोळा होतात, आणि थवा सापडला की जाळे पूर्वीसारखेच भरते. म्हणजे आपण मोजत होतो ते काही अंशी कप्तानाचे कौशल्य! किनाऱ्यालगतच्या कोळ्यांचे सापळे मात्र एका जागी उभे असतात, ते माशांमागे धावत नाहीत. मासे कमी आणि लहान मिळताहेत, ही त्यांची तक्रार १९८० नंतरच्या दशकात सतत चालू होती. पाणी थंड असल्याने मासे किनाऱ्याकडे येत नसतील, असे उत्तर त्यांना मिळे. हे उत्तर अगदीच निराधार नव्हते, पण सोयीचे होते खास.

१९८९ मध्ये फेरहिशेब झाला. शास्त्रज्ञांनी १,२५,००० टनांची मर्यादा सुचवली. मंत्रिमहोदयांनी २,३५,००० टन मंजूर केले. इथे दोष निर्देशकाचा नव्हता. २ जुलै १९९२ रोजी मासेमारी बंद झाली आणि सुमारे ३०,००० लोकांचा रोजगार गेला.

बंदी दोन वर्षांसाठी होती. ती उठली २०२४ साली, १८,००० टनांच्या मर्यादेसह. त्याआधी २०२३ मध्ये शास्त्रज्ञांनी १९५४ पर्यंत मागे जाऊन आकडेमोड पुन्हा केली आणि धोक्याची रेघ खाली आणली. साठा 'गंभीर' गटातून 'सावधगिरी'च्या गटात गेला. मासे एका वर्षात वाढले नव्हते. मोजपट्टी बदलली होती. ती बदलणे बरोबर होते की नाही, यावर तेथे अजून वाद चालू आहे.