कॉम्प्रेसर, बेस गिटारचा

बेस गिटारच्या विद्युत्-संकेतातील मोठ्या आणि लहान आवाजांमधील अंतर कमी करणारे उपकरण. पायाने चालू-बंद करायच्या पेटीच्या रूपात त्याला कॉम्प्रेसर पेडल म्हणतात.

कार्य : संकेताने थ्रेशोल्ड ही ठरवलेली पातळी ओलांडली की तो दाबला जातो. रेशो ४:१ असेल, तर त्या पातळीच्या वर ४ डेसिबल चढलेला संकेत बाहेर पडताना १ डेसिबलच चढतो. अटॅक म्हणजे दाब बसण्याची वेळ, रिलीज म्हणजे तो सुटण्याची. अटॅक फार जलद ठेवल्यास तारेवरचा बोटाचा पहिला ठोका मरतो. बेसवादनाचा जीव मात्र त्याच ठोक्यात असतो. रिलीजबाबत बेसची अडचण वेगळी आहे. सुटी ई तार सेकंदाला सुमारे ४१ वेळा कंप पावते, म्हणजे एका कंपनाला सुमारे २४ मिलिसेकंद लागतात. रिलीज त्याहून जलद असेल, तर उपकरण स्वराऐवजी एकेका कंपनामागे धावते आणि आवाज फाटतो.

इतिहास : लिओ फेंडर यांचा प्रिसिजन बेस १९५१ मध्ये आला. कॉम्प्रेसर तेव्हा स्टुडिओ व रेडिओ केंद्रांतले यंत्र होते. पुढे टेलेट्रॉनिक्स एलए-२ए या प्रकाशसंवेदी घटकावर चालणाऱ्या यंत्राचा संथ, मऊ दाब बेसला मानवला. १९६० च्या दशकाच्या अखेरीस बिल पटनम यांचे ११७६ हे यंत्र आले. त्यात एफईटी ट्रान्झिस्टर होता. अटॅक २० ते ८०० मायक्रोसेकंद, रिलीज ५० ते ११०० मिलिसेकंद आणि रेशोची ४, ८, १२, २० अशी चार बटणे. एमएक्सआर एम८७ सारखी बेस पेडले याच घराण्यातली. गिटारसाठीची कॉम्प्रेसर पेडले १९७० च्या दशकात रूढ झाली.

गरज : नवशिक्याला हे पेडल आवश्यक नाही. उजव्या हाताचा असमान जोर ते झाकते, सुधारत नाही. व्हॉल्व्ह अँप जोरात वाजवल्यास किंवा ओव्हरड्राइव्ह लावल्यास संकेत तसाही दबतो. स्लॅप या वादनशैलीत मात्र अंगठ्याचा प्रहार आणि ओढलेली तार यांच्या आवाजात मोठी तफावत असते. तिथे आणि ध्वनिमुद्रणात हे पेडल खरोखर कामाचे ठरते. पेडलांच्या साखळीत ते आधी जोडावे की शेवटी, याबाबत वादकांत एकमत नाही.

निवड : दाब किती पडतो हे दाखवणारी दिव्यांची रांग असावी. ती नसल्यास शिकणारा अंदाजाने नॉब फिरवत राहतो, म्हणून हा निकष पहिला. मूळ, न दाबलेला स्वर मिसळण्याची सोय असल्यास ठोका शाबूत राहतो. जाड तारांचा खर्ज सर्वांत आधी दाब ओढवून घेतो. त्यामुळे पाच तारांच्या बेससाठी पातळी मोजणाऱ्या संवेदकापुढे खर्ज गाळणारा फिल्टर उपयोगी पडतो.

मल्टिबँड प्रकार : खर्ज व वरचे स्वर वेगवेगळे दाबतो.

खरेदीपूर्वी पेडल आपल्याच बेसवर, शक्यतो ड्रमच्या साथीने वाजवून पाहावे आणि चालू-बंद करताना आवाजाची पातळी सारखी ठेवावी. नाहीतर जो आवाज मोठा तोच चांगला वाटतो.